झिरपे परत येणार

झिरपे परत येणार नाहीत हे ज्या मोजक्या लोकांना ठाऊक होतं, त्यांत कानसेन एक होता. लेखकाला ठाऊक होतं, कारण त्याने तसं लिहिलंच नव्हतं. प्रकाशकबाईंना ठाऊक होतं. ज्या नटाने सातवं पुस्तक ध्वनिमुद्रणासाठी मोठ्याने वाचलं त्यालाही ठाऊक असायला हवं होतं, पण झिरपे म्हणजे काय हेच त्याच्या कधी डोक्यात शिरलं नाही. आणि कानसेनला ठाऊक होतं, कारण नट काचेपलीकडे बसून वाचत असताना अलीकडे बसून ऐकायचं, चुकला की थांबवायचं आणि नंतर तुकड्याला तुकडा जोडायचा, हेच त्याचं काम. शेवटच्या ओळीपर्यंत त्याने कानात प्राण आणून ऐकलं होतं. झिरप्यांचा साधा उल्लेखही नव्हता. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

ज्यांनी 'सातविहिरी' वाचलेली नाही त्यांना हे सगळं पोरखेळ वाटेल, आणि तो थोडाफार आहेही. सात पुस्तकांची मालिका. राजे, चेटकिणी, शाप, तलवारी, जे जे म्हणून असल्या पुस्तकात असावं ते सगळं तीत ठासून भरलेलं. पण लोकांनी जीव लावला तो झिरप्यांना. झिरपे म्हणजे वीतभर उंचीची, कायम ओलसर अंगाची माणसं. विहिरीच्या भिंतीतल्या फटींत राहणारी. लढाईत त्यांचा उपयोग शून्य. जादू येत नाही. कुणी रडायला विहिरीवर आलं, तर फटीतून बाहेर यायचं आणि शेजारी बसायचं, एवढाच त्यांचा उद्योग. चौथ्या पुस्तकाच्या शेवटी विहिरी आटतात आणि झिरपे रांगेने जमिनीत खाली खाली उतरून जातात. 'खाली ओल होती,' हे त्या पुस्तकाचं शेवटचं वाक्य. पुढच्या दोन पुस्तकांत त्यांचं नावही नाही. पण लेखक 'ओल होती' म्हणतो म्हणजे ते जिवंत आहेत, आणि जिवंत आहेत म्हणजे परत येणार, असं गणित वाचकांनी मांडून ठेवलं होतं. बुडत्याला काडीचा आधार, तसा ह्यांना तीन शब्दांचा.

पहिली चार पुस्तकं ध्वनिमुद्रणासाठी वाचली होती कानसेनच्या बायकोने. झिरप्यांच्या बोलण्याबद्दल लेखकाने एकच ओळ लिहिली होती: ते श्वास सोडून बोलत नाहीत, श्वास ओढून बोलतात. दुसऱ्या कुणीही ती ओळ वाचली असती आणि पान उलटलं असतं. हिने ती मनावर घेतली. भांडी घासताना, केस विंचरताना, जिना चढताना ही बाई श्वास आत ओढत बोलायची आणि मग तासभर उचक्या द्यायची. कानसेन वैतागायचा. एक दिवस ती ओल्या हातांनी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "सापडलं बघा," ती म्हणाली. "मूल खूप रडतं ना, आणि रडून झाल्यावर काहीतरी सांगायला जातं, तेव्हा शब्द कसे आत ओढत ओढत येतात? तस्सं." आणि तिने तसं बोलून दाखवलं. कानसेनच्या अंगावर काटा आला. लोकांनी झिरपे वाचले असतील कागदावर, पण त्यांच्या कानात झिरपे राहिले ते तिच्या आवाजात.

त्यांची लेक तेव्हा लहान होती. किंचाळायची फार, म्हणून बाप तिला टिटवी म्हणायचा. टिटवीने ती बोली दोन दिवसांत उचलली. मग काय, घरात जेवायला हाक झिरपीत, रुसवे झिरपीत, 'दप्तर भरलंस का' तेही झिरपीत. मायलेकी श्वास ओढत भांडायच्या आणि शेवटी दोघींना ठसका लागायचा.

पाचव्या पुस्तकाआधी बायको गेली. आजार लांबला नाही हे एक बरं झालं, असं येणाऱ्या-जाणाऱ्यांनी म्हटलं. असं म्हणणाऱ्यांच्या कानाखाली आवाज काढावा असं कानसेनला वाटलं, पण त्याने काढला नाही. त्यानंतर बाप-लेकीचं बोलणं 'दूध संपलंय' आणि 'किल्ली खाली ठेवलीय' एवढ्यावर आलं. टिटवी मोठी झाली, चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेमला बसवायचं काम करू लागली. संध्याकाळी घरी आली की ताट उचलून स्वतःच्या खोलीत जायची आणि कानाला हेडफोन लावायची. झिरपेवेड्यांची एक मंडळी इंटरनेटवर रोज जमायची. तिथे ती 'ओलावा' ह्या नावाने लिहिते हे कानसेनला ठाऊक होतं. बाप म्हणून त्याला तिच्याबद्दल जे ठाऊक होतं, त्यातलं बरंचसं त्याने असं चोरूनच वाचलेलं होतं.

सातवं पुस्तक शेवटचं. ते निघायच्या महिनाभर आधी प्रकाशकबाईंनी पहिलं प्रकरण चव घ्यायला म्हणून फुकट ऐकायला सोडलं. त्यात नायिका कोरड्या पडलेल्या विहिरीपाशी येते, कठड्यावरून वाकते आणि विचारते, "कुणी आहे का?" मग परिच्छेद संपतो, थोडी शांतता, आणि पुढचा परिच्छेद. कुणीतरी बिनकामाच्या माणसाने आवाजाची चकती पार शेवटाला नेऊन ती शांतता ऐकली. तिच्यात कुणीतरी श्वास आत ओढला होता.

झालं. मंडळी पेटली. नटाचा श्वास असा नाहीच, तो घोड्यासारखा फुरफुरतो. हा बारीक आहे, हा झिरप्याचाच. एकाने त्या आवाजाच्या लहरींचा आलेख काढून चौथ्या पुस्तकातल्या आवाजाशेजारी लावला. एकीला मुखपृष्ठावरच्या भिंतीत ओल आलेली दिसली. छापखान्याची शाई सांडली असेल असं कुणी म्हणालं, तर त्याला मंडळीतून जवळजवळ हाकलूनच दिलं. राईचा पर्वत करायला वेळ लागतो म्हणतात. ह्यांना एक दुपार पुरली.

त्या संध्याकाळी कानसेन स्वयंपाकघरात चहा गाळत होता. टिटवी आत आली आणि तिने स्वतःचे हेडफोन त्याच्या कानांवर चढवले.

"ऐका."

"काही नाहीये."

"नीट ऐका. वाढवते."

आता वयाप्रमाणे कानसेनचे कान बारीक आवाजांना दाद देत नव्हते. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. कानसेनने बहिरं होणं म्हणजे आचाऱ्याची जीभ जाणं. पण लेकीने आवाज इतका वाढवला की त्यालाही ऐकू आलं. हजार श्वासांतून त्याने तो ओळखला असता.

"आईच आहे ना?" टिटवी म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "मला पहिल्या ऐकण्यातच कळलं. ते लोक झिरपा-झिरपा करतायत, त्यांना काय माहीत! झिरपे परत येतायत आणि त्यांचा आवाज दुसरं कुणी काढूच शकत नाही, म्हणून तुम्ही जुन्या रेकॉर्डिंगमधून आईचा आवाज काढून जोडलाय. हो ना? सहा महिने आईबरोबर बसलात आणि मला पत्ता नाही लागू दिलात!"

"अगं—"

"थांबा, थांबा. करार असतो, मला माहितीये. तुम्हाला सांगता येणार नाही. तुम्ही काहीच बोलू नका. नसेल तर फक्त 'नाही' म्हणा. नाही म्हणाला नाहीत तर मी काय ते समजेन."

ती त्याच्या शेजारी स्टुलावर बसली होती आणि तिचा हात त्याच्या दंडावर होता. तो हात तिथे किती वर्षांनी आला होता, हे कानसेनला चांगलं ठाऊक होतं. एक शब्द बोलायचा होता. तोही दोन अक्षरांचा. पण त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली. चहा गाळणीतून टपटप गळत राहिला, आणि टिटवीने बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं. त्याला त्या क्षणी इतकं बरं वाटलं, की आपण काय करतोय हे त्याने स्वतःलाही कळू दिलं नाही.

काय झालं असणार हे मात्र त्याला आत्ताच कळलं होतं. कोणतीही खोली पूर्ण गप्प नसते. तिच्यात हवेची, भिंतींची, तारांमधून वाहणाऱ्या विजेची एक बारीक सळसळ असते. वाचणाऱ्याचं वाक्य कापून जोडलं की मधली जागा अगदीच मोकळी ठेवून चालत नाही. तिथे विहिरीत पडल्यासारखं वाटतं. म्हणून काम सुरू करण्याआधी सगळ्यांनी हूं की चूं न करता बसायचं आणि मिनिटभर नुसती खोली मुद्रित करायची. मग तीच शांतता सगळ्या जोडांखाली अंथरायची. धंद्यात तिला रूम टोन म्हणतात. कानसेन आणि त्याची बायको तिला 'गप्प' म्हणायची. "चला, गप्प घेऊ," तो म्हणायचा, आणि ती मांडीवर हात ठेवून बसायची. पण गप्प बसणं हा तिचा पिंडच नव्हता. मिनिट संपत आलं की तिचे खांदे वर जायचे, ती श्वास घ्यायची आणि काहीबाही बोलायची. खांदे हलले रे हलले, की कानसेन बटण दाबून रेकॉर्डिंग बंद करायचा. म्हणून तिचं बोलणं कधीच मुद्रित झालं नाही.

सातव्या पुस्तकाच्या वेळी इमारतीत नवी लिफ्ट बसली होती आणि ती दिवसभर घोरायची. नव्या गप्पमध्ये ते घोरणं यायचं. म्हणून कानसेनने जुनं गप्प वापरलं. निदान नटाला त्याने असंच सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. परक्या माणसाच्या आवाजाखाली तिची शांतता अंथरलेली असली की त्याला काम करवत होतं. ऐकू कुणाला येणार होतं? बटण नेहमीप्रमाणे वेळेत दाबलेलं असणार, असं तो धरून चालला. एका वेळी ते दाबायला किंचित उशीर झाला होता, एवढंच. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. हिची मेल्यावरही गेली नाही.

दुसऱ्या दिवशी तो प्रकाशकबाईंकडे गेला. बाई स्वभावाने वाईट नव्हत्या. त्यांनी त्याचं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तुमची मिसेस," त्या म्हणाल्या.

"हो."

"मला वाईट वाटतं. मनापासून. पण आत्ता एक शब्द बोलू नका. लोक वेडे झालेत. इतकी आगाऊ मागणी कुठल्याच पुस्तकाला आली नव्हती."

"पण झिरपे नाहीत ना त्यात."

"आहेत असं आपण कुठे म्हटलंय?" बाई म्हणाल्या. कानसेनला ह्यावर बोलता आलं असतं, पण आदल्या संध्याकाळी आपणही नेमकं हेच केलं, हे त्याला आठवलं आणि तो उठला.

पुढचे आठवडे घरात उजेड होता. टिटवी टेबलावर बसून जेवू लागली. काचा घासताना बोटाला झालेली जखम दाखवू लागली, दुकानात आलेल्या विचित्र गिऱ्हाइकांच्या नकला करू लागली. आईचं कपाट तिने उघडलं, कपडे वाऱ्यावर टाकले, एक शाल स्वतःला ठेवली. एकदा नळ चालू राहिला म्हणून तिने स्वयंपाकघरातून चक्क झिरपीत हाक मारली, "बाबा, नळ!" आणि स्वतःच खोकत बसली. कानसेन हसला. रोज रात्री झोपताना तो उद्या सांगू म्हणायचा आणि रोज सकाळी तिचं तोंड बघून गप्प बसायचा. सुख होतं, पण गळ्याशी फास लावून ताटावर बसवावं तसलं. एकदा तर तिने विचारलं, "आईचं किती आहे? एक पान की जास्त?" आणि लगेच स्वतःच कानांवर हात ठेवले. "नको, नको. ऐकीन तेव्हाच ऐकीन."

मंडळीत 'ओलावा'ने लिहून टाकलं होतं: मला खात्रीने माहीत आहे, कसं ते विचारू नका, झिरपे येतायत. लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. पुस्तक निघेल त्या दिवशी सगळ्यांनी एकत्र बसून सुरुवात ऐकायची असं ठरलं. टिटवीने वाचनालयाचं मोठं दालन मिळवलं, आणि आवाजाची व्यवस्था तिच्या बापाकडे आली. दुसऱ्या कुणाकडे येणार?

त्या सकाळी दालनात दोघंच होती. ती खुर्च्या मांडत होती, तो जमिनीवर बसून वायरी पसरत होता.

"बाबा, विहिरीपाशी आवाज वाढवायचा हं. मागच्या रांगेपर्यंत आई पोचली पाहिजे."

कानसेनचा हात थांबला. आता नाही तर कधीच नाही, आणि खरं तर 'आता' ही वेळसुद्धा केव्हाच टळून गेली होती.

"टिटवे," तो म्हणाला, "ते येत नाहीत."

"कोण? मंडळीतला तो गॅरेजवाला ना? तो तर निघालाय, मगाशीच—"

"झिरपे. पुस्तकात झिरपे नाहीत. एक शब्द नाही."

तिच्या हातात खुर्ची होती. ती तिने हळूच खाली ठेवली. "मग आई?"

"आई गप्पमध्ये आहे. जुनं गप्प वापरलं मी. शेवटी तिने श्वास घेतला तो राहून गेला. मला ऐकूच आला नाही गं. माझी चूक."

"कधीपासून माहीत होतं?"

"तू ऐकवलंस तेव्हापासून."

टिटवी किंचाळली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती हळू बोलली. "नुसतं नाही म्हणायचं होतं. मी तेवढंच मागितलं होतं."

"तू इतकी आनंदात—"

"नका बोलू आता," ती म्हणाली. "न बोलणं तुम्हाला छान जमतं."

लोक येऊ लागले. तीस-चाळीस माणसं असतील; कुणी शाली निळ्या रंगवून आणल्या होत्या, कुणी ओलसर दिसावं म्हणून केसांना तेल चोपडलं होतं. तो धिप्पाड गॅरेजवाला रात्रभर प्रवास करून आला होता, त्याच्या नखांत अजून काळं ग्रीस होतं. टिटवी समोर उभी राहिली. तिने सांगितलं. झिरपे येत नाहीत. माझी चूक झाली. मी तुम्हाला खोटं सांगितलं.

मग गॅरेजवाला मोठ्याने हसला. "वा! आता नाही म्हणतेय म्हणजे नक्कीच!" सगळे टाळ्या वाजवू लागले. गंमत टिकावी म्हणून ही पोर नाटक करतेय, हे सगळ्यांनी ठरवूनच टाकलं. टिटवीने पुन्हा सांगितलं, तशी टाळ्या वाढल्या. एकदा हवं ते ऐकायचं ठरवलं, की माणसाला कान असून उपयोग नसतो. ती मागे जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

पुस्तक सुरू झालं. नायिका विहिरीवर वाकली. "कुणी आहे का?" कानसेनने आवाज वाढवला नाही, पण दालन इतकं चिडीचूप होतं की वाढवायची गरज पडली नाही. कोपऱ्यातल्या दोन मोठ्या स्पीकरांमधून त्याच्या बायकोने श्वास घेतला. कुणीतरी हुंदका दिला. गॅरेजवाल्याने डोळ्यांवर हात धरला. त्या क्षणी तिथल्या प्रत्येक माणसाकडे परत आलेलं कुणीतरी होतं, आणि ते खोटं आहे हे बाप आणि लेक, दोघांनाच माहीत होतं.

मग एक फोन खणाणला, मग दुसरा, मग सगळेच. दूर कुठेतरी कुणीतरी पुस्तकाची डिजिटल प्रत उघडून तिच्यात 'झिरपे' हा शब्द शोधला होता. उत्तर आलं होतं: सापडला नाही. 'झिरपा' शोधला, 'ओल' शोधला. ओल एकदा सापडली, ती कुणाच्या तरी जोड्यांना आलेली होती.

नट वाचतच होता. माणसं एकेक करून उठली. कुणी टिटवीकडे बघितलं, कुणी तेवढंही केलं नाही. एक बाई जाताना म्हणाली, "आमच्या जिवाशी खेळ कशाला करायचा?" गॅरेजवाला शेवटपर्यंत थांबला, त्याने सगळ्या खुर्च्या घडी करून भिंतीला लावल्या आणि निघून गेला. 'ओलावा'ला पुढे चार दिवस लोकांनी काय काय लिहिलं ते कानसेनने चोरून वाचलं. पाचव्या दिवशी ते नावच मंडळीतून नाहीसं झालं. घरात पुन्हा ताट खोलीत जाऊ लागलं. आता तर दूध संपलंय हेही तिने सांगणं सोडलं.

प्रकाशकबाईंचा निरोप आला. लोक फसवणूक म्हणतायत, पैसे परत मागतायत; तो आवाज तेवढा काढून टाका. एक श्वास काढून भागणार नव्हतं. तेच गप्प सबंध पुस्तकाखाली अंथरलेलं, तेव्हा नवं घेऊन सगळीकडे बदलायला हवं होतं. रविवारी लिफ्ट बंद असते. कानसेन रविवारी सकाळी स्टुडिओत गेला, दिवे लावले, आणि काही सुचेना म्हणून काच पुसत बसला.

दार वाजलं. टिटवी उभी होती. अंगावर आईची शाल.

"काढणार म्हणे आज."

"हो."

"आधी मला ऐकवा. अख्खं."

त्याने जुनं गप्प लावलं. दोघांनी दोन हेडफोन घातले. सळसळ. कुठेतरी खुर्ची किंचित करकरली. कपड्याचा आवाज, हात मांडीवर ठेवला असेल. ती तिथे होती, आणि काहीच करत नव्हती. मग श्वास, आणि कात्रीने कापावं तसं सगळं बंद.

"पुढे?"

"पुढे नाही. मी बटण दाबलं."

"पण ती बोलली ना? काय म्हणाली?"

कानसेनने आठवून बघितलं. ह्या प्रश्नाला त्याला छान उत्तर रचून देता आलं असतं, आणि लेकीने ते जन्मभर जपलं असतं. "आठवत नाही," तो म्हणाला. "रोजच काहीतरी म्हणायची. मी लक्ष दिलं नाही."

टिटवी पडद्यावरची ती सपाट रेघ बघत होती. "पोरीला शाळेतून आणायचंय," ती म्हणाली.

"काय?"

"असं म्हणाली असेल."

"असेल. किंवा, भूक लागली."

"किंवा, किती वेळ गप्प बसवता हो माणसाला."

"किंवा, दिवा डोळ्यावर येतोय. त्या दिव्याबद्दल नेहमी कुरकुर करायची."

दोघांनी असे पुष्कळ तर्क लढवले. मंडळी लढवायची तसेच. फरक एवढाच, की ह्या मालिकेचं पुढचं पुस्तक निघणार नव्हतं. हळूहळू तर्क संपले.

"नवं गप्प घ्यायचंय," कानसेन म्हणाला. "तू घरी जा."

"मी बसते आत."

"आत माणूस लागत नाही. खोली रिकामीही चालते."

"माहितीये," टिटवी म्हणाली आणि काचेपलीकडे जाऊन आईच्या खुर्चीत बसली. हेडफोन घातले. मांडीवर हात ठेवले.

कानसेनने रेकॉर्डिंग सुरू केलं. मिनिट फार लांब होतं. लेक हलली नाही. शेवटी तिचे खांदे वर गेले, आणि सवयीने कानसेनचं बोट बटणावर गेलं. ते त्याने तिथून उचललं आणि हात मागे घेतला.

"झालं का हो?" टिटवी म्हणाली. आत ओढलेल्या श्वासावर, हुबेहूब.

उत्तर द्यायला हवं होतं. तिकडे बोलायचं बटण दाबून त्याने तोंड उघडलं. पण इतक्या वर्षांचं सगळं एकदम वर आलं होतं, आणि त्याचा चेहरा कधीचाच ओला झाला होता. श्वास बाहेर पडेना. "झालं," तो म्हणाला, आणि तो शब्द आत ओढला गेला.

काचेपलीकडे लेकीने दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर घट्ट दाबून धरले. रेकॉर्डिंग चालू होतं.